तीन चौकटी आणि ठिपक्यांचा हिशेब

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात स्थायू, द्रव, वायू हा धडा आला की तीन चौकटी येतातच. पहिलीत ठिपके ओळीने, एकमेकांना चिकटून. दुसरीत विस्कटलेले, मध्ये बरीच मोकळी जागा. तिसरीत सात-आठ ठिपके, प्रत्येकाला एक बाण. आकृत्या काढणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे या चौकटी माझ्या हातून पुष्कळदा गेल्या आहेत आणि त्यांतली दुसरी दर वेळी मला छळते. या वेळी नव्या पुस्तकाचं काम आलं तेव्हा मी संपादकांना सांगितलं की जुनीच आकृती रंग बदलून देणार नाही, आधी ठिपके मोजणार. "मोजा ताई," ते म्हणाले, "पण शुक्रवारच्या आत मोजा."

चौकट ४ सेंटीमीटरची, ठिपका ३ मिलिमीटरचा. पानाच्या रुंदीत तीन चौकटी आणि मध्ये थोडी जागा ठेवायची तर याहून मोठं काही बसत नाही. एका ओळीत १३ ठिपके, अशा १३ ओळी, म्हणजे १६९. ही स्थायूची चौकट झाली. समजा हे शिसं आहे. शिसं निवडलं कारण ते सरळ वागतं. पाण्याचे नखरे फार, त्याच्याकडे नंतर वळते.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसच्या जरा वर वितळतं आणि वितळताना फुगतं. किती? आकारमानात जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे शेजारच्या दोन अणूंमधलं सरासरी अंतर वाढलं ते एका टक्क्याहून किंचित जास्त. माझ्या चौकटीपुरतं बोलायचं तर १६९ ठिपक्यांतले चारेक ठिपके कमी करायचे. संपलं. द्रवाची चौकट जवळजवळ भरलेलीच राहते. बदलते ती मांडणी. घन शिशात प्रत्येक अणूला बारा शेजारी लागून असतात आणि रांग दूरपर्यंत तशीच चालू राहते. द्रवात लागून असलेले शेजारी सरासरी दहा-अकरा, त्यात कोण येतंय कोण जातंय याचा भरवसा नाही. कुठे थोडी फट पडली की बाजूचा अणू तिच्यात सरकतो, त्याची जागा मोकळी होते, तिथे तिसरा येतो. द्रव वाहतो तो या सरकासरकीमुळे.

पुस्तकातली द्रवाची चौकट मात्र कायम अर्धी रिकामी. खरंच तेवढी जागा मोकळी असती तर द्रव दाबून लहान करणं सोपं झालं असतं. समुद्रात चार किलोमीटर खोलीवर सुमारे ४०० वातावरणांइतका (म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या ४०० पट) दाब असतो, तरी तिथलं पाणी पृष्ठभागावरच्या पाण्यापेक्षा दोन टक्केसुद्धा दबलेलं नसतं. दाबायला जागा हवी ना!

आता वायू. इथे पाण्याचे आकडे घेते, कारण ते चोख मोजलेले आहेत. १०० अंशांच्या पाण्याची नेहमीच्या दाबाखाली १०० अंशांची वाफ झाली की आकारमान सुमारे १६०० पट होतं. १६०० चं घनमूळ १२ च्या जवळ येतं, म्हणून दोन रेणूंमधलं सरासरी अंतर सुमारे १२ पट वाढलं. ठिपका ३ मिलिमीटरचा असेल तर पुढचा ठिपका ३६ मिलिमीटरवर. माझी चौकट ४० ची. तिच्यात एक ठिपका बसतो.

१६९, १६५ आणि १.

हे आकडे कागदावर उतरले तेव्हा मी संपादकांना फोन केला. ते हसले. "एकच ठिपका पाहून मुलं विचारतील, बाकीचे छपाईत गेले का?" मी म्हटलं, विचारू देत, त्या प्रश्नाचं उत्तर हाच तर धडा आहे. त्यांनी निदान दोन तरी काढा म्हणून घासाघीस केली, मी ऐकलं नाही.

दुसरी चौकट सगळे अर्धी रिकामी का काढतात, याचं माझं उत्तर धंद्यातलं आहे. तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की डोळा पायऱ्या शोधतो: दाट, मध्यम, विरळ. चित्रकाराचा हात डोळ्याचं ऐकतो आणि मधल्या चौकटीला मधलं करून टाकतो. पण द्रव मध्ये नाहीच. तो स्थायूला खेटून उभा आहे आणि वायू कुठच्या कुठे लांब आहे.

आकृतीखालच्या ओळीत तर याहून मोठा घोळ होता. मला दिलेल्या मजकुरात लिहिलं होतं: 'स्थायूतील कणांची ऊर्जा सर्वांत कमी, द्रवातील कणांची मध्यम, वायूतील कणांची सर्वांत जास्त.' आणि त्याला धरून बाण काढायचे: स्थायूत आखूड, द्रवात मध्यम, वायूत लांब.

एका खोलीत शिशाचा एक तुकडा सकाळपासून ठेवला आहे. खोलीतली हवा आणि तो तुकडा एकाच तापमानाला आले आहेत. आता शिशाच्या अणूची सरासरी गतिज ऊर्जा जास्त की हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूची, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याची? दोन्ही सारख्याच. तापमान सारखं असणं म्हणजे हेच. फरक पडतो तो वेगात, कारण शिशाचा अणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा सातपटीहून जड आहे. साध्या तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, शिशाचे अणू सुमारे १९० मीटरने. १९० मीटर म्हणजे ताशी जवळजवळ ७०० किलोमीटर. टेबलावर निपचित पडलेल्या तुकड्याच्या आत हा वेग चालू आहे! अणू कुठे पोहोचत नाहीत एवढंच. शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या दहाव्या भागाइतकंही सरकायच्या आत ते मागे खेचले जातात, परत येतात, पलीकडे जातात, पुन्हा खेचले जातात, सेकंदाला लाख कोटीच्या घरात. ३ मिलिमीटरच्या ठिपक्याला हे दाखवायचं तर पाव मिलिमीटरची थरथर काढावी लागेल. छपाईत ती शाई पसरल्यासारखी दिसते, मी करून पाहिलं.

वितळण्याच्या क्षणी तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. ३२७ अंशांना भांड्यात अर्धं शिसं घन आहे, अर्धं वितळलेलं. दोन्हीकडच्या अणूंची सरासरी गतिज ऊर्जा एकच. बाणांची सरासरी लांबी दोन्ही चौकटींत सारखीच काढायला हवी. मग वितळताना दिलेली उष्णता गेली कुठे?

ऊर्जेची दोन खाती असतात. एक हालचालीचं, आणि तापमापी फक्त तेवढंच वाचतो. दुसरं मांडणीचं: एकमेकांना ओढणारे कण एकमेकांपासून किती सुटले आहेत याचं. कणांना ओढीविरुद्ध लांब न्यायचं तर ऊर्जा मोजावी लागते आणि ती या दुसऱ्या खात्यात जमा होते. तापमापीला तिचा पत्ताही लागत नाही. भौतिकशास्त्रातली नावं गतिज आणि स्थितिज अशी आहेत, शाळेत ती चेंडू वर फेकताना शिकवतात, आणि या धड्यात आल्यावर दुसरीला विसरतात.

शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात आणि शेवटी हातात काय येतं, तर शून्य अंशाचंच पाणी. ते पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१८ ज्यूल. आणि १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ करायला २२५७ ज्यूल. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ग्लासगोत हे पहिल्यांदा नीट मोजलं, तेव्हा रेणूंबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. उष्णता आत जाते आणि पारा हलत नाही, इतकंच त्याला दिसलं, आणि त्याने त्याला अप्रकट उष्मा म्हटलं.

(२२५७ मधले सुमारे १७० ज्यूल वाफेला जागा करून देण्यासाठी बाहेरची हवा मागे ढकलण्यात जातात. पुस्तकात हे कुठेच येत नाही. बाकीचे सगळे रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात.)

आता मला ज्या हिशेबाने खरा आनंद झाला तो. शून्य अंशाच्या बर्फातला प्रत्येक रेणू सुटा करायचा, थेट वाफेपर्यंत न्यायचा, तर ग्रॅममागे सुमारे २८३५ ज्यूल लागतात. त्यातले वितळण्याचे ३३४. म्हणजे एक अष्टमांश! वितळल्यावर सुटकेची जेमतेम एक अष्टमांश किंमत चुकती झालेली असते, सात हिस्से पुढे बाकी आहेत. मी ठिपके मोजले ते घनतेवरून, हे मोजलं ऊर्जेवरून, दोन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही, आणि दोन्ही हिशेब एकच सांगतात: द्रव हा स्थायूच्या शेजारचा आहे. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून का जास्त भाजतो, तेही यातूनच कळतं. ते २२५७ ज्यूल कातडीवर परत जमा होतात.

मी संपादकांना दिलेली नवी ओळ अशी: 'एकाच तापमानाला तिन्ही अवस्थांतील कणांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते, फरक असतो तो कण एकमेकांच्या ओढीतून किती सुटले आहेत याचा.' ती थोडी लांब आहे म्हणाले. आहेच.

बाणांचं आणखी एक राहिलं. एका चौकटीतले सगळे बाण सारख्या लांबीचे काढायची पद्धत आहे, कारण एक बाण काढून त्याच्या नकला करणं सोपं. पण सरासरी म्हणजे सगळ्यांचं सारखं नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६० मध्ये दाखवून दिलं की वायूत काही रेणू अगदी मंद, बरेच मधल्या वेगाचे आणि थोडे फार वेगवान असतात, आणि ही वाटणी तापमान ठरवतं. द्रवातही असंच. पृष्ठभागाजवळचा एखादा वेगवान रेणू, तोंड बाहेरच्या दिशेला असताना, ओढ तोडून निसटतो. म्हणून पाणी १०० अंशांच्या कितीतरी खाली वाळतं. आणि निसटणारे नेहमी वेगवान असल्यामुळे मागे राहिलेल्यांची सरासरी घसरते, द्रव गार होतो. घाम वाळताना शरीरातून ग्रॅममागे सुमारे २४०० ज्यूल जातात ते असे. यासाठी मी द्रवाच्या चौकटीचं वरचं टोक उघडं ठेवलं आणि तिथे एकच लांब बाण काढला. पूर्ण आकृतीतला मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे.

वायूतला बाण किती लांब हवा, हेही मोजून पाहिलं. १८५८ च्या सुमारास डच हवामानशास्त्रज्ञ बॉईस बॅलट यांनी एक रोखठोक आक्षेप घेतला होता: रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात म्हणता, मग खोलीच्या एका टोकाचा वास दुसऱ्या टोकाला पोहोचायला इतका वेळ का लागतो? धूर हवेत तरंगत का राहतो? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लॉझिउसने उत्तर दिलं की रेणू सरळ जातच नाहीत. थोडं अंतर गेले की दुसऱ्यावर आपटतात आणि दिशा बदलते. दोन टकरींमधलं हे सरासरी अंतर साध्या हवेत सुमारे ६८ नॅनोमीटर असतं. आपल्याला ते नगण्य वाटेल, पण माझ्या आकृतीत रेणू सुमारे एक कोटी पट मोठा झाला आहे. त्या प्रमाणात बाण ६८ सेंटीमीटरचा होतो. चौकटीतून, पानातून, पुस्तकातून बाहेर, टेबलावर. मी चौकटीच्या कडेला तोडलेला बाण काढला आणि शेजारी लिहिलं, 'या प्रमाणात पुढची टक्कर ६८ सेंटीमीटरवर.' संपादकांनी यावर हरकत घेतली नाही. त्यांनी पट्टी घेऊन मोजून पाहिलं असावं.

या विषयातली माझी सगळ्यात आवडती आकृती मात्र कुणा चित्रकाराची नाही. झाँ पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणारे राळेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, व्यासाने साधारण एक मायक्रोमीटरचे. दर ३० सेकंदांनी कण कुठे आहे ते चौकटींच्या कागदावर टिपलं आणि ठिपके सरळ रेषांनी जोडले. नुसता गुंता. पण तो सांगतो की यातली प्रत्येक सरळ रेषा खोटी आहे: दर सेकंदाला टिपलं असतं तर त्या एका रेषेच्या जागी तितकाच गुंतागुंतीचा ३० रेषांचा गुंता आला असता. आपल्या आकृतीत नेमकं काय खोटं आहे ते आकृतीतच सांगणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाहिलेली पाण्यातल्या अशाच बारीक कणांची थरथर, आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलेलं तिचं गणित आणि पेरँचे हे कागद, या क्रमाने रेणू खरेच आहेत यावर शिक्कामोर्तब झालं. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं.

पाण्याचे नखरे म्हटलं होतं. बर्फ वितळताना फुगत नाही, आकसतो. बर्फात प्रत्येक रेणू फक्त चार शेजाऱ्यांना धरून राहतो आणि मध्ये पोकळ्या सोडतो. वितळल्यावर ती मांडणी ढासळते आणि रेणू थोडे आणखी जवळ येतात. म्हणून बर्फाच्या चौकटीत पाण्यापेक्षा दहाएक ठिपके कमीच यायला हवेत. मुलांसमोर रोज येणारं उदाहरण नेमकं अपवादाचं, आणि पुस्तकं त्यालाच नमुना धरतात. मी संपादकांना तीनही चौकटी शिशाच्याच ठेवू म्हटलं होतं. पण शिशाची वाफ मुलांनी कुठे पाहिली, असं ते म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. शेवटी आकृतीत कुठल्याच पदार्थाचं नाव नाही.

स्थायूच्या चौकटीतही मी एक ठिपका गाळला, मुद्दाम, मध्यभागाच्या जरा डावीकडे. स्थायूतले कण जागा सोडत नाहीत असं आपण शिकतो. १८९६ मध्ये रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने शिशाच्या नळकांड्याच्या तळाशी सोनं ठेवलं आणि शिसं वितळणार नाही इतपत गरम ठेवलं. सोन्याचे अणू घन शिशातून वर चढत गेले. स्थायूतही अधूनमधून जागा रिकाम्या असतात, आणि शेजारी कधीतरी उडी मारतोच. म्हणून १६८. मुद्रितशोधकाने तिथे गोल करून 'ठिपका राहिला?' असं लिहिलं आहे. मी खाली 'राहू द्या' लिहिलं.

आता एक न मागितलेली चौथी चौकट. बंद, मजबूत भांड्यात पाणी तापवत गेलं की द्रव फुगत विरळ होत जातो, वरची वाफ दाट होत जाते, आणि ३७४ अंशांना, सुमारे २१८ वातावरणांच्या दाबाखाली, दोघांची घनता एक होते. मधली रेषा नाहीशी होते. द्रव कुठे संपला आणि वायू कुठे सुरू झाला हे विचारण्यात मग अर्थ नाही. कान्यार द ला तूर या फ्रेंच गृहस्थाने १८२२ मध्ये हे ऐकून शोधलं: बंदुकीच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी घालून ती तापवत हलवली, तेव्हा गोळीचा द्रवात होणारा आवाज एका तापमानानंतर बदलला. आयरिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यूजने १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर ते तपशीलवार मोजलं. तिथे ही वेळ ३१ अंशांनाच येते.

या बिंदूला पाण्याची घनता नेहमीच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. चौकट सपाट, तिच्यात फक्त लांबी-रुंदीतलं विरळपण दिसतं, म्हणून माझ्या हिशेबाने चौकटीत ऐंशीच्या आसपास ठिपके. ऐंशी! म्हणजे पुस्तकांत 'द्रव' म्हणून छापली जाणारी ती अर्धी रिकामी चौकट खोटी नाही. ती ३७४ अंशांच्या, २१८ वातावरणांखालच्या पाण्याची आहे.

फक्त तिथले ठिपके तसे एकसारखे पसरलेले नसतात. कुठे दाट पुंजके, कुठे मोठ्या पोकळ्या, पुंजक्यांत लहान पोकळ्या, पोकळ्यांत लहान पुंजके, आणि सगळं सतत बदलतं. काही पुंजके प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे होतात आणि प्रकाश विखुरतात, त्यामुळे स्वच्छ द्रव त्या टप्प्यावर दुधाळ दिसतो. हे ४ सेंटीमीटरमध्ये काढता येत नाही, म्हणून मी पूर्ण पानाची आकृती केली आणि संपादकांना पाठवली. अभ्यासक्रमात हे नाही, असं उत्तर लगेच आलं. संध्याकाळी दुसरा निरोप: शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत एक पान मोकळं आहे, पण रंग दोनच वापरता येतील. दोन पुरतात.